औषध मारून मारून रोग त्याला खरंच 'सरावतो' का?

तुम्ही विचारलंय की एकच औषध सारखं मारलं की रोग त्याला सरावतो, हे खरं का, आणि खरं असेल तर इतक्या लवकर कसं. मी तासगाव भागात द्राक्षबाग करतो, त्यामुळे डाऊनीवरूनच, म्हणजे द्राक्षाच्या पानावर-घडावर येणाऱ्या बुरशीसारख्या रोगावरूनच सांगतो.

'सरावला' हा शब्द आम्हीही रोज वापरतो, पण तो फसवा आहे. एकटा जीव सरावत नाही, तो मरतो किंवा जगतो. बदलते ती जमात, पिढ्यानपिढ्या.

डाऊनी आलेलं पान उलटं करून भिंगाखाली धरा. कापसासारखा पांढरा थर दिसेल, ते सगळे बीजाणू. एवढ्या गर्दीत एखाद्याच्या जनुकात चुकून बदल झालेला असतोच. स्ट्रोबिल्युरिन हा एकाच पद्धतीनं काम करणाऱ्या औषधांचा गट, आणि त्यातलं औषध डाऊनीच्या एका प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी ॲलॅनिन हे दुसरं आलं, की औषधाची पकडच बसत नाही. फवारणीत बाकीचे मरतात आणि याला सगळं रान मोकळं मिळतं. ढगाळ, दमट हवेत आठवड्याभरात पुढची पिढी तयार, आणि ती याचीच.

एका ऑक्टोबर छाटणीला मी तीन वेळा डबा बदलला. नावं वेगळी, गट तोच. फुलोऱ्यातले घड डोळ्यांदेखत गेले. निवड मीच करत होतो, हे फार उशिरा कळलं.

'पण तो बदल औषधामुळेच झाला नसेल कशावरून?' असं तुम्ही विचाराल. याचा छडा लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये लावला, तोही जिवाणूंवर. कितीतरी नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांची गाठ जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूशी घालून दिली. विषाणू भेटल्यावर जिवाणू बदलत असते, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच वाचले असते. पण काही नळ्यांतून एकही नाही आणि काहींतून भरमसाट वाचले. म्हणजे बदल आधीच झालेला होता. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथं त्याची वंशावळ मोठी. मला हा प्रयोग फार आवडतो, नुसत्या मोजणीवर एवढं मोठं उत्तर!

आणि वेलीचं काय? बाग आम्ही काडीवरून लावतो, म्हणजे शेकडो वेली असल्या तरी मूळ झाड एकच. आमच्याकडची तास-ए-गणेश ही द्राक्षाची जातसुद्धा थॉम्पसन या जुन्या जातीत आपोआप झालेल्या बदलातून माणसानं निवडलेली, आणि मग काडीनंच पसरवलेली. रोग एका हंगामात कितीतरी पिढ्या पुढं जातो, वेल आहे तिथंच राहते.

म्हणून आता डब्यावरचं नाव सोडून आतला घटक आणि त्याचा गट वाचतो. एका गटाची फवारणी झाली की पुढची दुसऱ्या गटाची, आणि आंतरप्रवाही (वेलीच्या आत शिरणाऱ्या) औषधाच्या जोडीला मँकोझेबसारखं स्पर्शजन्य (पानावर बाहेरच राहणारं). डायरीत तारखेसमोर गटच लिहितो.