सँडरलिंग म्हणजे ‘वाळूचं पिल्लू’ नव्हे

प्रश्न आला आहे: ‘किनाऱ्यावर लाटांमागे पळणाऱ्या सँडरलिंग पक्ष्याच्या नावाचा अर्थ “वाळूचं पिल्लू” असा वाचला. बरोबर आहे का? मराठीत त्याला चिखल्या म्हणावं का?’

चिखल्याचं आधी उरकतो. नको. चिखल्या म्हणजे प्लोव्हर, त्याचं कूळ वेगळं, आणि सँडरलिंग तुतवारांच्या (सँडपायपरच्या) कुळातला. शिवाय याची सारी धावपळ वाळूत.

आता ते पिल्लू. हा अर्थ ऐकून ऐकून कान किटले. ‘डकलिंग’ म्हणजे बदकाचं पिल्लू, म्हणून जिथे ‘लिंग’ तिथे पिल्लू, एवढाच यामागचा विचार. मग ‘हायरलिंग’ म्हणजे पैशासाठी राबणारा भाडोत्री, तो कुणाचं पिल्लू? हा प्रत्यय ‘अमुक काम करणारा’ अशा अर्थानेही लागतो. आणि सँडला नुसता ‘लिंग’ जोडला तर ‘सँडलिंग’ होईल. मधल्या ‘र’चा हिशेब पिल्लूवाल्यांनी द्यावा!

खरी गंमत त्या ‘र’मध्येच आहे. जुन्या इंग्रजीत ‘यर्थ’ म्हणजे नांगरट आणि ‘यर्थलिंग’ म्हणजे नांगऱ्या. लॅटिन शिकवण्यासाठी एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने सुमारे १००० साली एक संवादपाठ रचला. त्यातला नांगऱ्या सांगतो, मी पहाटेच बैल हाकत शेतावर जातो. त्या पाठावर ओळींमध्ये लिहिलेल्या जुन्या इंग्रजी अर्थांत त्याच्यासाठी हाच शब्द आहे. शिवाय जुन्या शब्दसूच्यांत ‘यर्थलिंग’ हे एका पक्ष्याचंही नाव सापडतं. म्हणजे सँडरलिंग हा मूळचा ‘सँड-यर्थलिंग’, वाळूतला नांगऱ्या!

हा जोडशब्द जसाच्या तसा जुन्या लिखाणात मिळत नाही, मान्य. तेवढ्यावरून कोशकार ‘कदाचित’ लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. कोशातून डोकं वर काढून त्यांनी पक्ष्याकडे पाहावं. लाट ओसरली की तो काळ्या पायांनी तुरुतुरु तिच्यामागे धावतो. पायाला मागचं बोटच नाही. चोच ओल्या वाळूत खुपसत, काढत, पुन्हा खुपसत तो पुढे सरकतो आणि मागे बारीक भोकांची ओळ उमटते, नांगराच्या तासासारखी. पुढची लाट येते, ओळ पुसते, की याची नांगरट पुन्हा सुरू. हे रोज पाहणाऱ्या शेतकऱ्याला दुसरं कुठलं नाव सुचणार?

मराठीत नाव घडवायचंच असेल, तर चिखलावरून जसा चिखल्या, तसा हा वाळूनांगऱ्या.