तुझ्या पत्रातली एक ओळ

प्रिय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. निवडणुकीवरून मोठ्या भावाशी झालेलं भांडण, त्यानंतरचा अबोला, आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘मी फक्त खरं बोललो, यात माझं काय चुकलं?’ लगेच लिहायला बसले असते तर नुसती समजूत काढली असती. म्हणून आठवडा जाऊ दिला.

त्या पत्रात एक ओळ तू लिहिलीस आणि तिथे न थांबता पुढे गेलास. ‘त्या क्षणी माझं डोकं का फिरलं, मला अजून कळत नाही.’ तिच्या खालीच तीन कारणं आहेत. भाऊ काही न वाचता बोलतो, तो वाऱ्याप्रमाणे पाठ फिरवणाऱ्यांतला आहे, आणि असल्या माणसांमुळेच राजकारण नासतं. अरे, कळत नाही म्हणालास, मग दोन ओळींत ही तीन कारणं आली कुठून? मला त्या पानभर मजकुरातली सगळ्यात खरी ओळ पहिलीच वाटते.

‘का’ या प्रश्नाला आपलं मन कधी उपाशी परत पाठवत नाही. 1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाविषयी लिहिलं होतं. दुकानात पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि यातला उत्तम कोणता ते निवडा, असं लोकांना सांगितलं. चारही जोड हुबेहूब एकसारखे होते. तरी अगदी डावीकडच्या जोडापेक्षा अगदी उजवीकडच्या जोडाला जवळजवळ चौपट पसंती मिळाली. कारण विचारलं तर वीण, पोत, कापड अशी उत्तरं आली. जागेचा परिणाम झाला असेल का, असं थेट विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी साफ नाही म्हटलं. ते खोटं बोलत नव्हते, हे लक्षात घे. आपण निवड का केली हे आपल्याला ठाऊक आहे, अशी त्यांची मनोमन खात्री होती.

मोज्यांचं सोड, त्यात कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. पण स्वीडनमध्ये लार्स हॉल, पेट्टर योहानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच नैतिक मतांबाबत करून पाहिलं. त्यांचा निबंध 2012 चा. लोकांनी कागदावर विधानं वाचून आपली सहमती किंवा असहमती नोंदवली. पानं उलटताना एका युक्तीने त्यातली दोन विधानं उलट अर्थाची झाली, खुणा मात्र होत्या तिथेच राहिल्या. मग त्यांना ती विधानं मोठ्याने वाचून आपलं मत समजावून सांगायला सांगितलं. निम्म्याहून जास्त लोकांनी बदललेलं निदान एक विधान तरी आपलंच म्हणून स्वीकारलं, आणि त्यातल्या अनेकांनी त्याची बाजूही मांडली. थोड्या वेळापूर्वी त्यांचं मत नेमकं त्याच्या विरुद्ध होतं.

यावरून मतांना काही अर्थच नसतो असं समजू नकोस. मी तरी तसं मानत नाही. मत मनात कसंही आलेलं असो, ते बरोबर की चूक हे पुरावा तपासूनच ठरतं, आणि त्या निवडणुकीबद्दल तुझं म्हणणं कदाचित भावापेक्षा बरोबरही असेल. पण तू मला मताबद्दल विचारलंच नाहीस. तू खरेपणाबद्दल विचारलंस. आणि त्या संध्याकाळी तू जे ‘खरं’ बोललास ते सगळं भावाच्या मनाबद्दल होतं. तो घाबरट आहे, त्याला विचार करायचा नाही, तो सोयीचं तेच बघतो. स्वतःच्या मनातलं कारण जिथे हाताला लागत नाही, तिथे दुसऱ्याच्या मनातलं इतक्या खात्रीने कसं सांगता येईल? तोंडावर बोलायला धैर्य लागतं, ते तुझ्यात आहे, आणि मला त्याचं कौतुक आहे. पण स्पष्टवक्तेपणा आणि प्रामाणिकपणा ही दोन वेगळी कामं आहेत. तू पहिलं केलंस.

दुसऱ्या कामाची सुरुवात भावनेला तिच्या नेमक्या नावाने हाक मारण्यापासून होते. आपल्या भाषेने यात बरीच मदत करून ठेवली आहे. ‘मला राग आला’ म्हणताना राग पाहुण्यासारखा बाहेरून येतो. ‘मी रागावलो’ म्हणताना कर्ता मी असतो. ‘त्याने मला राग आणला’ म्हटलं की सगळाच भार त्याच्यावर. घटना एकच, आणि ती आपण कुठल्या वाक्यात सांगतो यावर पुढचं किती अवलंबून असतं! शिवाय सगळं ‘राग’ या एका शब्दात कोंबायची गरजच नाही. चीड निराळी, वैताग निराळा. त्रागा म्हणजे दुसऱ्याला लागावं म्हणून स्वतःलाच करून घेतलेला जाच. असूया बहुतेक वेळा तत्त्वाचे कपडे घालून येते. अपमानाच्या पोटी आलेला संताप आणि अन्याय पाहून आलेला संताप तर आतून हुबेहूब सारखे वाटतात. मॅथ्यू लिबरमन यांच्या चमूने 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिलं की भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या मेंदूतल्या भागाची सक्रियता कमी होते. नाव सापडल्यावर मन किंचित निवतं, हा अनुभव तुलाही असेल.

स्वतःचं एक सांगते. एका जिवलग मैत्रिणीशी माझं बोलणं तुटलं होतं. तिची राजकीय मतं मला सहन झाली नाहीत, तत्त्वासाठी मी मैत्री सोडली, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. सांगताना थोडा अभिमानही वाटायचा. पुढे एकदा कपाट आवरताना त्या काळातली डायरी हाती लागली. त्या वादाच्या चार महिने आधीच मी तिच्याकडे जाणं बंद केलं होतं. मी आस धरून बसलेली जबाबदारी तिला मिळाली, त्या आठवड्यापासून. वाद खोटा नव्हता, माझी मतंही खोटी नव्हती. पण मैत्री त्या वादाने तुटली नव्हती. कुणाला फसवलं असेल तर मी स्वतःला, आणि इतकं बेमालूम की डायरी हाती लागली नसती तर आजही तेच सांगत राहिले असते. मी तिला पत्र लिहिलं. उशीर झाला होता, तिचं उत्तर त्रोटक आलं. ते मी जपून ठेवलं आहे.

तर भावाशी पुन्हा बोलशील तेव्हा ‘तुला असं का वाटतं’ हा प्रश्न बाजूला ठेव. ‘का’ विचारलं की समोरचा वकील होतो, आणि आपणही. ‘हे घडतं कसं’ असं विचारून बघ. 2013 मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही सरकारी धोरणं एकेक पायरी करत समजावून सांगायला लावली. आपल्याला वाटलं होतं तितकं आपल्याला कळत नाही, हे त्यांना सांगतासांगताच जाणवलं. त्यांची टोकाची मतंही थोडी सौम्य झाली. नुसती कारणं द्यायला सांगितलेल्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. नंतर हा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा समजुतीचा भ्रम उतरला, पण मतं मवाळ झालेली दरवेळी दिसली नाहीत. म्हणजे भावाचं मत बदलायची युक्ती म्हणून हे वापरू नकोस. आधी तूच समजावून सांग. तुझ्या आवडत्या पक्षाचं ते धोरण अमलात आलं तर पहिल्या दिवशी काय होईल, मग काय, पैसा कुठून येईल, कोण अडवेल. अडखळशील तिथे ‘इथून पुढचं मला माहीत नाही’ असं त्याच्यादेखत म्हण. एवढंच त्याने ऐकलं तरी मला पुरे.

आणि हे पत्र त्याच्यावर चालवू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘तुझी कारणं बनावट आहेत, प्रयोगच तसं सांगतात’ असं म्हणायचा मोह होईल. मी दिलेलं सगळं फक्त तुझ्या बाजूला लावायचं आहे.

एक काम देते. त्या संध्याकाळबद्दल मला पुन्हा लिही, पण भांडणाच्या दोन तास आधीपासून. कुठून आला होतास, दिवस कसा गेला होता, भावाने खोलीत येताना तुझ्याकडे पाहिलं होतं का, पहिलं वाक्य कोणाचं होतं. कारण एकही लिहू नकोस. आठवणार नाही तिथे जागा कोरी सोड.

वाट पाहते.

तुझी,
ताई