तीन विभागांत एक मास स्पेक्ट्रोमीटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रसायनशास्त्र, औषधनिर्माण आणि जैवतंत्रज्ञान या विभागांना मिळून एकच एलसी-एमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांच्या रेणूंचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर) घ्यायचा आहे. क्यू-टॉफ (वस्तुमान कित्येक दशांशांपर्यंत अचूक मोजणारा) घ्यावा की सिंगल क्वाड (पूर्णांकापुरते मोजणारा, साधा)?

उत्तर : आधी गेल्या वर्षी तिन्ही विभागांनी बाहेर कोणती आणि किती सॅम्पल पाठवली ते काढा. नवे रेणू बनवणारे जास्त असतील तर क्यू-टॉफच हवा. शोधनिबंधासाठी मोजलेले वस्तुमान सूत्रावरून काढलेल्या वस्तुमानाशी साधारण ५ पीपीएमच्या (दहा लाखांत पाच भागांच्या) आत जुळावे लागते. म्हणजे ४०० वस्तुमानाच्या आयनाला फरक ०.००२ पर्यंतच चालतो. सिंगल क्वाडला कार्बन मोनॉक्साइड (२७.९९४९), नायट्रोजन (२८.००६१) आणि इथिलीन (२८.०३१३) यांच्यातला फरक कळत नाही, त्याच्या लेखी तिन्ही २८. अभिक्रिया पुढे सरकली का एवढेच रोज पाहायचे असेल तर तो पुरतो. अधूनमधून लागणारे एचआरएमएस (असे अचूक वस्तुमान मोजणे) आयआयटी मुंबईतील सैफसारख्या सामायिक उपकरण केंद्रातून करून घ्यावे. रक्ताच्या प्लाझ्मातले औषध नॅनोग्रॅममध्ये मोजायला ट्रिपल क्वाड (एकामागे एक तीन क्वाड असलेला) लागतो. ही तिन्ही कामे एका यंत्रावर उत्तम होतील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : वॉरंटी संपल्यावर यंत्र बंद पडून राहू नये म्हणून निविदेत काय लिहावे?

उत्तर : खरा प्रश्न हाच आहे. बोलींची तुलना करताना वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांच्या सीएमसीचे (सुट्या भागांसकट देखभालीच्या कराराचे) दर किमतीत धरा. एएमसीत (साध्या वार्षिक देखभाल करारात) सहसा भेटी आणि मजुरीच येते, सुटे भाग नाहीत. सीएमसीत टर्बो पंप (यंत्रात व्हॅक्यूम करणारा) आणि डिटेक्टर (आयन टिपणारा) धरले आहेत, असे नाव घेऊन लिहून घ्या. नेमके तेच महाग भाग ‘कन्झ्युमेबल’ (वापरून संपणारे) म्हणून वगळले जातात.

नायट्रोजन जनरेटर याच निविदेत मागा. द्रावणाची फवारणी करून आयन बनवणाऱ्या इलेक्ट्रोस्प्रेला मिनिटाला २० लिटर वायू धरला तर ७ घनमीटरचा नायट्रोजन सिलिंडर सहा तासही पुरत नाही. यूपीएसची क्षमता रफिंग पंपासह (टर्बो पंपाच्या मागे सतत चालणाऱ्या पंपासह) मोजा आणि यूपीएस विजेच्या जनरेटर सेटला जोडा. वीज जाऊन व्हॅक्यूम तुटला की पुन्हा नीट बसायला बहुधा रात्र जाते. रफिंग पंपाचा धूर खोलीबाहेर सोडा, अर्थिंग स्वतंत्र ठेवा. शेवटचा हप्ता तुमचीच सॅम्पल तुमच्याच खोलीत चालवून दाखवल्यावर द्या.

प्रश्न : विद्यार्थ्यांना यंत्राला हात लावू द्यावा का?

उत्तर : जरूर द्यावा, पण सॅम्पल तयार करायला आधी शिकवून. सिंथेसिसवाले (नवे रेणू बनवणारे) मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचे द्रावण आणतात. १ ते १० मायक्रोग्रॅम पुष्कळ झाले. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलेच घ्या. फॉस्फेट बफर उडत नाही, सोर्समध्ये (आयन बनतात त्या भागात) मीठ साचते. त्याऐवजी अमोनियम फॉर्मेट वापरा. ट्रायइथिलअमाइन नीट उडवले नसेल तर त्याचा १०२ चा आयन दिवसेंदिवस हटत नाही आणि त्याचा त्रास पुढच्या विभागाला होतो. ३९१.२८ दिसला तर तो बहुधा प्लास्टिकमधला थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन) असतो. एमएस्सीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला चहातले कॅफिन द्या : त्याचा आयन १९५.०८७७, आणि तो फुटून मिळणारा तुकडा १३८.०६६२.