किसननगरची जुनी खोली विकून बदलापूरला जावं, की क्लस्टरची वाट बघत ठाण्यातच राहावं?

तुम्ही लिहिलंय की खोली वडिलांच्या नावावर आहे, बिल्डिंग पस्तीस वर्षांची आणि अनधिकृत. बायकोला बदलापूरला जायचंय, आई इथून हलायला तयार नाही. एजंट म्हणतो आत्ताच विका, शेजारी म्हणतात थांबा, क्लस्टर येतंय, म्हणजे अख्ख्या भागातल्या जुन्या इमारती एकत्र पाडून नव्याने बांधायची आणि राहणाऱ्यांना नवं घर द्यायची योजना.

मी तुमच्याच वागळे इस्टेट भागात वाढलो, अजून इथेच राहतो. माझं म्हणणं एवढंच, की राहायचं कुठे आणि खोलीचं काय करायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या घरात ते एकत्र आलेत म्हणून भांडण मिटत नाहीये.

राहण्याचं आधी बिल्डिंग बघून ठरवा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात धोक्यानुसार वर्ग असतात. सी-१, म्हणजे सगळ्यात धोकादायक, असेल तर चर्चा संपली, बाहेर पडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे आत राहून दुरुस्ती. तीस वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, पण आपल्याकडे सोसायटीच नोंदलेली नसते आणि ऑडिटचे पैसे कोणी काढायचे यावरच मीटिंग मोडते. मग स्वतः फिरून बघा. संडास-बाथरूमच्या स्लॅबला खालून पोपडे सुटून गंजलेली सळई दिसतेय का? तळमजल्याच्या गाळेवाल्याने शटर रुंद करायला पिलर तासलाय का? भर उन्हाळ्यात दारं चौकटीत अडकायला लागलीत का? यातलं काहीही दिसलं तर इंजिनिअर आणा, पदरचे पैसे गेले तरी चालतील.

आणि वस्तीच्या नावावर जाऊ नका. २०१५ साली कोसळलेली कृष्णा निवास ही इमारत भर नौपाड्यात, म्हणजे ठाण्यातल्या चांगल्या वस्तीत होती, १२ जण गेले. २०१३ मध्ये शीळला ७४ जणांचा जीव घेणारी इमारत तर अजून बांधून पुरी व्हायची होती.

क्लस्टरचं म्हणाल तर किसननगरला भूमिपूजन २०२३ मध्येच झालं, काम सिडकोकडे आहे. एकनाथ शिंदेसाहेब स्वतः याच भागातले, त्यामुळे योजना गुंडाळली जाईल असं मला वाटत नाही. पण तुमच्या गल्लीचा नंबर कधी लागणार हे ना शेजारी सांगू शकत ना नगरसेवक. त्या तारखेवर मुलांची शाळा ठरवू नका.

म्हणून विकायचीही घाई नको. अनधिकृत खोलीवर बँक कर्ज देत नाही, व्यवहार नोटरीवर होतो, त्यामुळे गिऱ्हाईक रोखीवालाच मिळणार आणि भाव तोच ठरवणार. त्याला तुमच्या गळक्या खोलीत रस नाही, क्लस्टरमधल्या हक्कात आहे. तो हक्क मातीमोलाने का द्यायचा? वीजबिलं, मालमत्ता कराच्या पावत्या, सर्वेक्षणाचा कागद सगळं एका फाईलमध्ये ठेवा. पालिकेने खाली करायला लावलं तर खोलीचं मोजमाप करून दाखला देतात, तो हातात पडल्याशिवाय चावी सोडू नका. भाडेकरू ठेवलात तर करार रजिस्टर करा. हे आपले लोक हमखास टाळतात.

बदलापूर मला तुमच्यासाठी पटत नाही. तुम्ही दोघंही इथे वागळे इस्टेटच्या रोड नंबर १६ ला कामाला, म्हणजे रोज पाऊण तास लोकल, मग स्टेशनला रिक्षाची रांग, आणि आई दिवसभर परक्या गावात एकटी. घोडबंदरला टॉवर छान आहेत, पण टँकरचं पाणी आणि ट्रॅफिक बघून या. बायकोचंही खोटं नाही. खिडकी उघडली की समोरच्याची फोडणी आपल्या घरात, दिवसाही ट्यूबलाइट, यात कोण खूश राहील? ठाण्यातच लोकमान्यनगर किंवा कोपरीत भाड्याने बघा. आईचा वाणी, डॉक्टर, भिशी रिक्षाच्या अंतरावर राहील.

बिल्डिंगला नोटीस आली असेल तर कुठल्या वर्गाची, तेवढं मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळलं तर भाड्याचं घर या पावसाळ्याआधी शोधायचं की दिवाळीनंतर, हे सांगता येईल.