बायोडेटातला ‘मूळ समाज’

परदेशात वाढलेल्या मुलीला स्थळ येते. मुलगा मराठी ख्रिस्ती, शिकलेला, चर्चला नेमाने जाणारा. सगळे जुळत असते आणि पुण्याहून आजीचा फोन येतो: “ते मूळचे कोण, विचारलंत का?” या प्रश्नात काय दडलेले असते, हे नगरपासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांना वेगळे सांगायला नको. घराण्याच्या बाप्तिस्म्याला शंभर वर्षे होऊन गेली तरी जात गेलेली नसते. विमानातही ती बसते.

पहिले काम सोपे आहे. बायोडेटातला ‘मूळ समाज’ हा रकाना काढून टाका. नुसता कोरा ठेवू नका. कोरा रकाना भरलेल्यापेक्षा जास्त बोलतो. समोरून विचारणा झाली तर “आम्ही जात विचारत नाही, सांगतही नाही” एवढेच म्हणा. पुढे कारणे देत बसलात की गावाचे नाव, मग आडनाव, मग आजोळ, असे करत तुम्ही उत्तर देऊनच मोकळे होता.

घरातल्या माणसाशी बोलणे अवघड. त्याचा क्रम बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, 15 ते 17 या ओव्यांत आहे: आधी एकट्याने एकट्याशी, न ऐकल्यास एकदोघांना सोबत घेऊन, तरीही न जमल्यास मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे. बहुतेकांची चूक पहिल्याच पायरीवर होते. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दहा नातेवाइकांसमोर आजीला सुनावले की ती मतावर नव्हे, मानावर अडून बसते. दुसरी चूक जास्त चोरटी: “आमच्या घरासाठी प्रार्थना करा, आजी जातीवरून अडल्यात” हा निरोप चर्चच्या ग्रुपवर टाकणे. ही प्रार्थनाविनंती नव्हे, चहाडी आहे.

मग प्रेषित पौलाने अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्राला सगळ्यांदेखत का खडसावले? बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कारण दिसते. पेत्र आधी परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीला बसत होता, यरुशलेमहून माणसे आल्यावर पंक्तीतून उठला आणि त्याचे पाहून इतरही उठले. चूक चारचौघांत घडली, म्हणून बोलणेही चारचौघांत. तोच न्याय तुमच्या मंडळीला लावा. चर्चच्या प्रीतिभोजनात एखाद्या कुटुंबाला बाजूला बसवले जात असेल, तर नंतर कानात कुजबुजून उपयोग नाही. आपले ताट उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसा.

बाहेरचा पूर्वग्रह वेगळा. महाराष्ट्र मंडळात कोणी म्हणते, “ख्रिस्ती असून मराठी किती छान बोलता!” हसून “घरात दुसरी भाषाच नाही” म्हणावे. मुलांना मात्र तारखा माहीत हव्यात: 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेले फादर स्टीफन्सचे मराठी काव्य ‘क्रिस्तपुराण’, 1842 साली अहमदनगरात सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो. आणि याच गोव्यात 1560पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते, हेही सांगा. मुलांना अर्धाच इतिहास दिलात, तर उरलेला अर्धा त्यांना कोणीतरी तोंडावर फेकून मारतो.

“दुष्काळात तांदळासाठी बाटले” या टोमण्याचेही तेच. 1876-78च्या दुष्काळात मिशनने मदत केली आणि त्या काळात बरेच लोक मंडळीत आले, हे खरे आहे, नाकारू नका. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्यांना काय हवे होते, हा प्रश्न शांतपणे विचारा.

आता पुन्हा आजी. फोन स्पीकरवर ठेवू नका. तिचे आधी ऐका. “लोक काय म्हणतील” ही भीती बहुधा जातीपेक्षा मोठी निघते. मग टोमण्याचा सूर न लावता एकच विचारा: “आजी, हाच मुलगा चर्चमध्ये तुझ्या शेजारी प्रभुभोजनाला बसला, तर तू उठशील का?” उत्तराची घाई करू नका. त्या दिवशी फोन ठेवला तरी चालेल; आठवड्याने पुन्हा लावा.