मृत्यूला चाल का नाही?

प्रश्न : दादरला एका घरगुती मैफलीत ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं ‘मृत्यू आणि मुलगी’ हे गाणं ऐकलं. जर्मन येत नाही. मुलगी घाबरलीय एवढं कळलं. पण मृत्यू गायला लागला तो एकाच सुरावर! त्याला चालच नाही का? आणि तरी शेवट गोड कसा वाटला?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुमचे कान तयार आहेत. जर्मन कवी मत्तिआस क्लाउडिउसच्या आठ ओळींच्या कवितेला शूबर्टने 1817 मध्ये चाल दिली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. मुलगी म्हणते, ‘निघून जा, हाडांच्या माणसा!’ तिचे शब्द धापा टाकत येतात, पियानोही धडधडतो. मग मृत्यू म्हणतो, ‘हात दे, मी मित्र आहे.’ ही ओळ तो षड्जावरच, म्हणजे ‘सा’वरच, म्हणतो. ज्याला घाई नाही, त्याने सूर कशाला बदलावा? आमच्या चाळीतले एक आजोबा रडणाऱ्या नातवाला असंच, आवाज न चढवता निजवायचे. मला तरी किंचाळणाऱ्या मृत्यूपेक्षा या मृत्यूचीच जास्त भीती वाटते.

गोडव्याचं म्हणाल तर हार्मोनियम काढा. काळी एक (पहिली काळी पट्टी) षड्ज धरून आधी कोमल गंधार (‘ग’) दाबा, मग शुद्ध. शेवटी पियानोत नेमका हाच बदल होतो. पियानोवरची ती संथ, पावलं टाकणारी लय शूबर्टने 1824 च्या एका तंतुवाद्य-चौकडीत (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेत) पुन्हा घेतली. तीही ऐका, पण लोकलमध्ये नको. हळू जागा खडखडाटात बुडतात.