आयुष्यभराची गोळी नको म्हणून

“मॅडम, एक आजार घालवायला दुसरा पदरात घ्यायचा, याला काय उपचार म्हणायचं?”

ओव्हरॲक्टिव्ह थायरॉइडवाल्यांकडून, म्हणजे ज्यांच्या गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते त्यांच्याकडून, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की तो येणार हे मला चेहऱ्यावरूनच कळतं. डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन सुचवलेलं असतं. ऑपरेशनमध्ये बहुतेकदा ग्रंथी पूर्ण काढतात, आयोडीननंतर ती हळूहळू निकामी होते, आणि मग थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच हार्मोनची, गोळी कायमची. जास्तीचं जाऊन कमीचं येणार, तर एवढा खटाटोप कशासाठी?

मेघना (नाव बदललं आहे) आली ती मात्र या प्रश्नासाठी नाही. तिला नवऱ्यानं माझ्याकडे समुपदेशनाला आणलं होतं, तिच्या रागासाठी. वय तिशीच्या आतबाहेर, मुलगा अडीच वर्षांचा, दुसरं मूल हवं असं दोघांचं ठरलेलं. आजार ग्रेव्ह्जचा. यात शरीराची प्रतिकारशक्ती अशी प्रतिपिंडं बनवते की ती थायरॉइडला डिवचतच राहतात. कार्बिमाझोलच्या गोळ्यांचा दीड वर्षाचा कोर्स झाला, रिपोर्ट चांगले आले म्हणून गोळ्या थांबल्या, आणि काही महिन्यांत सगळं परत सुरू. धडधड, घाम, पोटभर जेवूनही उतरणारं वजन, रात्री दोनला टक्क जाग, जिना चढताना मांड्यांत त्राण नाही. तिच्या फाइलमध्ये रिपोर्टांच्या मध्येच बँकेनं परत पाठवलेला एक चेक होता. सही जुळत नाही, असा शेरा. नावाखालची रेघ हात थरथरल्यामुळे नागमोडी गेली होती. “सही माझीच आहे,” ती म्हणाली, “पण बँकेचं काय चुकलं? मलासुद्धा ती माझी वाटत नाही.”

आजार उलटला याचा दोष ती स्वतःला देत होती. पथ्य चुकलं असेल, ताण घेतला असेल, एखादी गोळी राहिली असेल. वास्तविक गोळ्यांचा कोर्स संपल्यावर साधारण निम्म्या लोकांत हा आजार परततो, आणि परतला तर बहुधा पहिल्या वर्षभरात. हे तिला कोर्स सुरू होतानाच सांगितलं गेलं होतं. पण तेव्हा सगळं लक्ष धडधडीकडे, ते ऐकायच्या मनःस्थितीत कोण असतं?

डॉक्टरांनी आयोडीन, ऑपरेशन किंवा गोळ्याच पुढे चालू ठेवणं असे तीन पर्याय समोर ठेवून ‘विचार करून सांगा’ म्हटलं होतं. तिचा विचार म्हणजे रात्री-अपरात्री मोबाइलवर वाचन. सोमवारी ऑपरेशन पक्कं, बुधवारी आयोडीन, शुक्रवारी कुठलंच औषध नको. मी तिला म्हटलं, “निर्णय सध्या बंद. तू आत्ता ठरवायचंच नाही.” रक्तात हार्मोन इतकं चढलेलं असताना माणूस धड झोपत नाही, एका विचारावर पाच मिनिटं टिकत नाही, आणि त्यातच आयुष्याचा निर्णय घ्यायची घाई करतो. घाई हेही या आजाराचंच लक्षण आहे असं माझं मत झालं आहे. डॉक्टरांचंही म्हणणं तेच पडलं. ऑपरेशन करायचं तरी आधी हार्मोन आटोक्यात आणावंच लागतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल जोडलं गेलं. (दमा असेल तर हे औषध चालत नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं.)

गोळी सुरू झाली की चार दिवसांत फरक पडेल असं लोकांना वाटतं. कार्बिमाझोल नवं हार्मोन बनू देत नाही, पण आधी बनलेलं ग्रंथीत साठवलेलं असतं. कारखाना बंद पडला तरी गोदामातला माल संपेपर्यंत दुकान चालूच राहतं. त्यात काही आठवडे जातात. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारते, माझ्या कामाच्या चौकटीत बसत नसली तरी: “ताप आला, घसा धरला, तोंडात फोड आले तर काय करायचं ते माहीत आहे ना?” या गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. अशा वेळी पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. हे सांगितलेलं असूनही विसरलेले बरेच भेटतात.

आता राग. नवऱ्याचा मुद्दा सरळ होता: “ही पूर्वी अशी नव्हती. हा आजार आहे की हिचा स्वभाव?” प्रश्न रास्त आहे. चिडचिड, अस्वस्थता, क्षणात डोळ्यांत पाणी, हे हार्मोन वाढल्यानं होतं आणि त्याबद्दल कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण घरात एक नवीन वाक्य रुळलं होतं. मेघना काहीही बोलली की तो विचारायचा, “आज गोळी घेतलीस का?” आवाज शांत, हेतू काळजीचा. पण मुलाला तापात रात्रभर एकटीनं सांभाळल्याची तक्रार असो की बिल भरायचं राहिल्याची, उत्तर तेच. मी दोघांसमोर ते वाक्य बंद करायला सांगितलं. गोळीची आठवण हवी तर फोनचा गजर लावा. आणि भांडणांचा निवाडा हार्मोन नॉर्मल होऊन दोन-तीन महिने जाईपर्यंत पुढे ढकला. त्यानंतर जे उरेल ते थायरॉइडचं नाही, असं धरून चालायचं.

टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोनं जागेवर आली तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, अजून खालीच होतं. ते बरेचदा महिनोन्‌महिने मागे रेंगाळतं, त्यावरून घाबरायचं नसतं. मेघना झोपू लागली होती. मग आम्ही पर्याय उघडले. कुठला चांगला, हे ठरवायचंच नाही असं मी आधी सांगितलं. वैद्यकीयदृष्ट्या तिन्ही मान्य आहेत. ठरवायचं ते इतकंच की कुठल्या पर्यायाचा त्रास आपल्याला सोसवेल.

पहिली पाळी त्या ‘आयुष्यभराच्या गोळी’ची. जास्त झालेलं हार्मोन हृदयाची लय बिघडवू शकतं, हाडं ठिसूळ करतं. कमी झालेलं मात्र भरून काढता येतं, कारण शरीर जे थायरॉक्सिन बनवतं तेच गोळीत असतं. एकदा डोस बसला की वर्षाकाठी एखाद-दुसरी तपासणी पुरते. म्हणजे ही अदलाबदल बरोबरीची नाही. पण सगळं गोड आहे असंही मी म्हणत नाही. गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवाव्या लागतात. डोस बसेपर्यंत काही महिने थकवा जाणवू शकतो, आणि काहींना रिपोर्ट चांगला असूनही पूर्वीसारखं वाटत नाही. वजन वाढतं, त्यातलं बरंचसं आजारात गेलेलंच परत आलेलं असतं, काहींचं मात्र त्यापुढेही जातं.

आयोडीनची तिला जास्त भीती होती, ‘किरणोत्सारी’ या शब्दामुळे. १९४१ पासून या आजारात ते वापरात आहे. बहुधा एकच कॅप्सूल, कापाकापी नाही. आयोडीन-१३१ ची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते, आणि परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. भीती बाजूला ठेवली तरी तिच्यापुढे दोन खऱ्या अडचणी होत्या. लहान मुलापासून काही दिवस, डोसप्रमाणे त्याहूनही जास्त, अंतर ठेवायचं, कुशीत घेऊन झोपायचं नाही. अडीच वर्षांच्या पोराला हे समजावणार कोण? आणि गर्भधारणा निदान सहा महिने लांबवायची. शिवाय तिचे डोळे चुरचुरत होते, एक पापणी वर ओढलेली दिसायची. ग्रेव्ह्जचा डोळ्यांवरचा परिणाम आयोडीननंतर वाढू शकतो, सिगारेट ओढणाऱ्यांत जास्तच. म्हणून डॉक्टरही फार आग्रही नव्हते. गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंनी मात्र हाच पर्याय डोळे झाकून घेतला होता. मुलं मोठी, डोळे ठणठणीत, आणि गळ्याला सुरी लावायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

कमी डोसच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू ठेवणं हाही एक मार्ग आहे, आणि पुष्कळांचं त्यावर छान चालतं. मेघनाची अडचण दुसऱ्या बाळाची. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कार्बिमाझोलनं बाळात दोष राहू शकतो, म्हणून त्या काळात औषध बदलून प्रोपिलथायोयुरासिल देतात, आणि त्याची यकृताला जोखीम. “म्हणजे गोड बातमी कळायच्या आतच मला गोळ्यांची चिंता,” ती म्हणाली, आणि तो रकाना तिनं स्वतःच खोडला.

उरलं ऑपरेशन. गळ्यावर व्रण, आवाजाच्या नसेला धक्का लागण्याची थोडी शक्यता, आणि थायरॉइडला चिकटून असलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथींना इजा. सर्जनला “तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?” हे विचारायला तिला संकोच वाटत होता. आम्ही तो प्रश्न मोठ्यानं म्हणून पाहिला, दोन-तीनदा. नियमित करणाऱ्या हातात गुंतागुंत कमी होते, तेव्हा हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला सर्जन आकडा सांगतो.

तिनं ऑपरेशन केलं. काही आठवडे आवाज बसका होता. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, मग त्या सुटल्या. थायरॉक्सिनचा डोस दोनदा बदलला. राग बराच ओसरला, सगळा नाही. उरलेल्या रागाचं कारण घरातली कामाची वाटणी हे होतं आणि ते आजाराच्या आधीपासूनचं होतं, हे नवऱ्यानंच कबूल केलं. त्यावर ते दोघं अजून येतात.

बाळाचा विचार आता पुन्हा सुरू आहे. थायरॉक्सिनचा डोस गरोदरपणात वाढवावा लागतो, म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे तिला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट मी तिला फाइलच्या पहिल्याच पानावर लिहायला लावली: ‘ग्रेव्ह्जसाठी थायरॉइड काढली आहे.’ ग्रंथी गेली तरी प्रतिपिंडं रक्तात काही काळ राहू शकतात आणि नाळेतून बाळापर्यंत पोचून त्याच्या थायरॉइडला डिवचू शकतात. प्रसूतितज्ज्ञांनी वेळेत ती तपासायला हवीत, आणि फक्त ‘थायरॉइडची गोळी चालू’ एवढंच सांगितलं तर ती तपासायचं कुणाच्या लक्षातही येणार नाही.